तिसरा टेक

पोर्ट चाल्मर्सच्या धक्क्यामागे, खांबांवर उभं
लोकरीचं जुनं गोदाम.
शेवटचा गठ्ठा जाऊन वीस वर्षं झाली,
तरी फळ्यांना मेंढीचा तेलकट वास आहे,
हात टेकला की तळवा मऊ होतो.

चौघं एकाच खोलीत. मध्ये काच नाही,
भिंतीला गाद्या नाहीत.
कोणी विचारलंच तर फर्गस सांगतो,
आम्हाला आवाज खरबरीत हवाय,
सालासकट.
खरं कारण तो सांगत नाही.

खरं कारण ड्रमवर बसलंय, अनवाणी.
तामातीचा डावा कान गेला.
उजव्याला येतं ते
पाण्याखालून कोणी हाक मारावी तसं.
हेडफोन त्याने हातात घेतले, उलटसुलट पाहिले,
आणि पोट भरलेला पाहुणा ताट सरकवतो
तसे हलकेच बाजूला ठेवले.
बूट काढले. मोजे काढले.
नायरीच्या बेसचा स्पीकर
जमिनीवर पालथा घालायला लावला.

"फळी सांगेल," म्हणाला.

पहिल्या टेकला ब्रॉनविनची तार तुटली.
दुसऱ्यात काही तुटलं नाही.
सगळं बरोबर, इतकं बरोबर
की संपल्यावर कोणी कोणाकडे बघितलं नाही.
पुसू का, मी विचारलं.
पूस.

तिसऱ्याच्या आधी हीटर बंद करावा लागला,
मेला सारखा गुरगुरत होता.
बोटं बगलेत, तोंडातून वाफा,
आणि तामातीने काठीवर काठी मारली,
चार वेळा.

मग काय झालं ते मला क्रमाने सांगता येणार नाही.
माझ्या मशीनचे काटे लाल पट्टीत जाऊन आडवे झाले,
मी त्यांना उठवलं नाही.
फर्गस दुसऱ्या कडव्यात शब्द विसरला,
तिथे नुसता ओरडला, आणि तेच हवं होतं.
बंदरातून एका जहाजाने भोंगा दिला,
अर्धा सूर खाली;
ब्रॉनविनने तार ओढून त्याला जवळ घेतलं,
रस्त्यात भेटलेल्या दूरच्या नातेवाइकासारखं.
छतातून धूळ पडत होती, माइकवर, माझ्या चहात.

शेवटचा ठोका. सगळे थांबले.
तामाती नाही.
डोळे मिटून, मान किंचित तिरकी,
तो वाजवत राहिला. एकटाच.
नायरी उठणार होती, फर्गसने तिचा हात धरला.
चार ठोके. आणि मग
काठ्या मांडीवर.

कोणी काही बोलेना, तेव्हा त्यानेच विचारलं,
"खाली कोण होतं?"

आम्ही फळीला कान लावले, चौघांनी, पालथं पडून.
भरतीचं पाणी खांबांवर आपटत होतं,
संथ, जड,
त्याच लयीत.

डब्यावर फर्गसने पेनाने लिहिलं:
चार मिनिटं, अकरा सेकंद.
तो बाहेर विडी ओढायला गेल्यावर
मी अकरा खोडून
पंधरा केले.