वहीतलं ॲव्हरेज

उलानबातरच्या बाजारात गाडी घेतली तेव्हा
पुढच्या कप्प्यात एक जपानी माहितीपत्रक होतं.
अक्षर एकही लागलं नाही. आकडा लागला.
लिटरला तीस.
"तीस," ओयुन्दारी म्हणाली,
आणि नव्या वहीत रेघ आखली.

बारा वर्षं वापरलेली हायब्रिड, स्टिअरिंग उजवीकडे
आणि देशाची रहदारीही उजवीकडून.
म्हणजे ट्रकला मागे टाकायचं तर
समोरून कोण येतंय
हे डावीकडच्या प्रवाशाला विचारायचं.
प्रवासी बहुधा झोपलेला.

ऑक्टोबर, रस्ता कोरडा, चार माणसं: बावीस.
नोव्हेंबर, चार माणसं, डिकीत सोललेली मेंढी: एकोणीस.
डिसेंबर, उणे एकतीस: चौदा.
जानेवारीत कधी तेरा,
कधी पेन गोठलेलं.

जिथे तो तीसचा आकडा काढला
त्या खोलीत वारा नसणार.
सासूही नसणार, हीटर पूर्ण सोडला तरी
"पावलं गार पडलीत गं" म्हणणारी.
खिंडीतली दगडांची रास नसणार,
जिला तीन प्रदक्षिणा, घाई असेल तर तीन हॉर्न.
निघताना आई चाकांमागे दूध शिंपडते,
ते बंपरवर गोठून अर्वाइखेरपर्यंत सोबत येतं.
त्याचं वजन कुणी धरलेलं नाही.

तरी पहाटे बॉनेटखालचा नमदा सारखा करून
बटण दाबलं की ही उठते,
कुरकुर न करता.
शेजारी रशियन जीपखाली दोन पुरुष
फुरफुरता स्टोव्ह धरून आडवे,
जीपच्या पोटात शेक, तोंडात शिव्या.

पुतण्या बिल्गूनने विजेची घेतली.
तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडतो रात्री.
काटा म्हणतो एकशे साठ.
नलैखला जाऊन यायचं, सत्तरसुद्धा नाही,
तरी हा हीटर बंद करून, दोन देल अंगावर चढवून,
काचेवर आतून गोठलेला स्वतःचा श्वास
बँकेच्या कार्डाने खरवडत येतो.
"खर्च किती आला?"
त्याने सांगितला.
ती गप्प झाली. वही उलटी करून
शेवटच्या पानावर लिहून घेतला.
"शहरापुरती बरी," म्हणाली.
"मी शहरापुरताच आहे, काकू."

फेब्रुवारीची नोंद मात्र वेगळी.
लुनच्या पुढे वादळ उठलं, रस्ता नाहीसा झाला.
बंद पडलेली एक व्हॅन, त्यात नवराबायको
आणि सात महिन्यांचं मूल.
तिघं हिच्या गाडीत आली.
रात्रभर इंजिन आपलं आपण जागं व्हायचं,
जरा ऊब धरली की निजायचं,
मध्येच घोरून थांबणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.
तासातासाला ती उतरायची,
सायलेन्सरभोवतीचा बर्फ हातांनी उकरायची,
पुन्हा आत.
दुधाची बाटली हीटरच्या झडपेला टेकवलेली.
बाप दर वेळी डॅशबोर्डकडे बघायचा,
किती उरलं विचारायचा नाही.

नऊ तासांनी बर्फ काढणारा ट्रक आला.
पंपावर टाकी भरून तिने लिहिलं:
सात लिटर. शून्य किलोमीटर.
मुलाचं नाव विचारायचं राहिलं
हे घरी पोचल्यावर आठवलं.

वर्षअखेरीस बिल्गून फोनवर बेरीज घेत होता.
"ही एक रात्र वगळू?
सगळं ॲव्हरेज बिघडवते."
"राहू दे."
"पण गाडी हललीच नाही."
"राहू दे म्हटलं ना."

सोळा पूर्णांक चार.
तिने आकड्याभोवती गोल केला, वही मिटली.
माहितीपत्रक अजून कप्प्यातच आहे.
गुळगुळीत कागद,
काचेवरचं दव पुसायला
फडक्यापेक्षा बरा.