तिथे

नाव सांगणार नाही. करारातलं दुसरंच कलम तसं आहे.
एवढं सांगते: बुधवार, स्वान्सी,
दवाखान्याच्या खिडकीतून ओहोटीची खाडी,
मैलभर नुसता चिखल आणि त्यात उभा एक कुत्रा.
मी दुभाषी, दोन खुर्च्यांच्या मधली तिसरी खुर्ची,
तासाचे सव्वीस पौंड, बसभाडं वेगळं.

ती म्हणाली, तिथे काहीतरी आलंय.
तिथे म्हणजे नेमकं कुठे, ग्वेननं विचारलं,
आणि माझी मराठी उंबऱ्यातच थबकली.
पोथीतला एक शब्द आहे, शिव्यांतले चार,
आणि एक सरकारी फॉर्मवरचा.
ग्वेन तो कोपर म्हणावं तसा म्हणाली.
मी फॉर्मवरचा उचलून खाली ठेवला.
तिनं पर्सची चेन उघडली, लावली, उघडली.

तपासणी पडद्यामागे. मी पाठ करून उभी,
समोर मेंढ्यांचं कॅलेंडर, अजून मार्चवरच.
"चामखिळी आहेत," मी मेंढ्यांना सांगितलं,
"चार-पाच. फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या, बारीक."
फ्लॉवर ग्वेनचा, तुरा माझा.
पडद्यामागून उत्तर आलं,
"म्हणजे आता ती भाजी गेली."
आम्ही दोघी हसलो, मग भाषांतर पोचल्यावर
ग्वेन एकटी हसली.

घोड्याच्या शेपटीचा केस बांधला तर?
आईच्या मानेवरची तशीच गळाली होती.
केस नाही. चुना नाही. हाताच्या चामखिळीचं
दुकानातलं औषध तर मुळीच नाही,
तिथली कातडी नाजूक.
ही क्रीम, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस,
मग चार दिवस काही नाही, मग पुन्हा तीन.
चार-पाच आठवडे. नाही गेल्या तर गोठवू.
दिवस गेलेत का? मग ही क्रीम चालत नाही.
"नाही गेले," ती म्हणाली,
आणि तो नकार मी इंग्रजीत उगाच हळू ठेवला.

कॅन्सर?
त्याचे विषाणू वेगळे. आडनाव एक, घरं दोन.
पण तपासणीचं पत्र आलं की जायचं हं.

मग ती: "विचारा तिला, ह्यांनी आणलं का."
हे खाली, गाडीत. त्यांना वाटतंय लघवीची तक्रार आहे.
ग्वेन म्हणाली, कुणी आणलं ते मला कळत नाही,
कुणालाच कळत नाही. हा महिनोन् महिने गप्प बसतो,
कधी वर्षंसुद्धा. कितीकांना होऊन जातो
आणि पत्ताही लागत नाही.

"वर्षं म्हणजे किती?"
ग्वेननं खांदे उडवले. त्याचं भाषांतर लागलं नाही.
तेव्हा ती माझ्याकडे वळून, फक्त माझ्याकडे:
"मिरजेला एक जण होता. लग्नाआधी.
हे तिला सांगू नका."

कलम सात. खोलीत बोललेलं सगळं भाषांतरित होईल.
सुरुवातीला मी तिला वाचून दाखवलं होतं,
तिनं मान हलवली होती,
विमानात पट्ट्याच्या सूचनेला हलवतो तशी.

मी सांगितलं. सांगू नका म्हणाली, हेही सांगितलं.
ग्वेननं पेन उचललंच नाही.
"त्यानं क्रीम बदलत नाही," म्हणाली,
आणि मी ते मराठीत म्हणेपर्यंत
ती माझ्याकडे अशी बघत होती
की मी तिच्या पर्समधून काही काढलंय.

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच.
क्रीमची पिशवी तिनं डब्याच्या पिशवीत घातली होती,
चपात्यांच्या खाली.
"तुम्ही कुठल्या?"
"कार्डिफ," मी म्हणाले.
"तसं नाही. तिकडच्या."

तिकडची मी मिरजेचीच,
किल्ल्याच्या मागच्या गल्लीतली.
दार उघडलं. खाली गाडीत
वायपर चालू होते, पाऊस नसताना.
"सातारा," मी म्हणाले.