दम

सेंट जॉन्स, फेब्रुवारी. खिडकीपर्यंत धुकं.
टिझर्डबाई म्हणाल्या, रोग्याला लावण्याआधी
एकदा स्वतः घेऊन बघा.

मुखनळी दातांत, नाकाला चिमटा.
यंत्रानं माझ्या छातीत
माझ्याआधी श्वास घेतला.
मी भांडले. घंटा कोकलली.
दम देणं यंत्रालाही जमतं, बाई म्हणाल्या,
तू धरायला शीक.

परीक्षा जूनमध्ये. मनगटातली धमनी
अजून चुकते. मोयराचं मनगट हिरवंनिळं झालंय,
तरी पुढे करते,
म्हणते, टोच, नंतर माझी पाळी.

आई खेकड्यांच्या कारखान्यातून येते,
तिसऱ्या पायरीवर थांबते,
म्हणते, किल्ली शोधतेय.
किल्ली हातातच असते.
मी वरून मोजते,
मिनिटाला अठ्ठावीस.
दार उघडंच आहे,
हे सांगत नाही.