पहिली ओळ

तीन दिवस स्क्रिप्ट एकच प्रश्न विचारते आहे,
"कंपायलर कोणता?"
आणि स्वतःच उत्तर देते, "अनोळखी."
मग थांबते,
दार लावून घेतल्यासारखी.

कंपायलर आहे. हाक मारली की मला ओ देतो.
हिलाच का देत नाही?

ती एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिते,
काहीच न करणारा, शून्य परत देऊन गप्प होणारा,
तो बांधला जातो का बघते,
आणि लगेच पुसून टाकते.
काल रात्री असे चाळीस जन्मले नि गेले.
लॉगमध्ये त्यांचं सुतक नाही.

खिडकीबाहेर पेनीकुक.
पाटीवरची अक्षरं वाचून उच्चार करायला गेले
तेव्हा बसच्या ड्रायव्हरने हसून दुरुस्त केलं होतं.
पेंटलंडच्या उतारावर मेंढ्या,
नोव्हेंबर, चार वाजायच्या आत दिवेलागण.
टेकडीपलीकडच्या लांबोड्या इमारतीत
ते महायंत्र गुरगुरत असणार
हजार जणांची कामं घेऊन.
माझं काम साधं आहे:
फोर्थच्या मुखातला गाळ
भरतीबरोबर कुठे जातो, ओहोटीला कुठे बसतो.
गाळ अजून जागचा हललेला नाही.

मॉड्यूल घातले, काढले, पुन्हा घातले
थंडीतल्या कपड्यांसारखे एकावर एक,
शेवटी अंगाशी कोणता आहे तेच कळेना.
इथे कंपायलर स्वतः दारात येतही नाही.
दारात एक मुखत्यार बसवलाय,
आज आत कोण कामावर आहे ते बघून
निरोप पोचवणारा.
मी त्याला वगळून थेट आतला पत्ता दिला,
तर लायब्ऱ्या रुसल्या.
जुनी आवृत्ती आणली, नवी आणली.
रडले नाही, पण डाळ करपली.

चौथ्या दिवशी गिलख्रिस्टबाई शेजारी येऊन बसल्या.
तेवीस वर्षं यंत्रांच्या देखभालीत,
गळ्यात चष्म्याची दोरी, खिशात पेपरमिंट.
"शेवटची ओळ सगळेच वाचतात," म्हणाल्या,
"मुखत्यार पहिल्यांदा काय बोलला, ते दाखव."

पहिली ओळ कंपायलरची नव्हतीच.
ती कुरकुर होती:
सूचना. मराठी, भारत, हे लोकेल इथे बसवलेलं नाही.

लॅपटॉप घेतला तेव्हा मी भाषा मराठी ठेवली.
कारण काही थोर नव्हतं.
पडद्याच्या कोपऱ्यात "मंगळवार" दिसावा, एवढंच.
आणि दर लॉगिनला तेवढं ते
माझ्याबरोबर पलीकडे जात होतं,
मोज्याला चिकटून कुसळ यावं तसं.
मुखत्यार आधी कुरकुरायचा, मग नाव सांगायचा.
स्क्रिप्ट पहिलीच ओळ वाचायची
आणि नाव ऐकायला थांबायची नाही.

बाईंनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय?"
सांगितलं.
"मंगल्वार," त्या म्हणाल्या.
मी दुरुस्त केलं,
हसून, त्या ड्रायव्हरसारखं.
तीनदा म्हणूनही त्यांचा ळ काही वळला नाही.

मग एक ओळ टाकली:
तिकडे गेल्यावर भाषा "सी",
म्हणजे कुठल्याच गावची नाही.
फक्त तिकडे. इकडचा मंगळवार तसाच.

कंपायलर कोणता? नाव आलं, आवृत्तीसकट.
चालतो का? हो.
फोरट्रानही? हो.
पूर्णांक केवढा, दशांश केवढा, बाइट कुठून सुरू,
हो, हो, ओळींमागून ओळी वर सरकत गेल्या,
बाई कोट घालायला उठल्या,

आणि दोनशे चौदाव्या ओळीवर स्क्रिप्ट पुन्हा थांबली:
नेटसीडीएफ सापडत नाही.

बाईंनी एक बाही घातली होती.
ती तशीच ठेवून खाली बसल्या,
पेपरमिंटचं पाकीट दोघींच्या मधे ठेवलं,
आणि लॉग वरून उघडला.