नावे

स्ट्रॉमनेसच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
हीटर फक्त टेबलाखाली चालतो.
पाय भाजतात, बोटं गारठलेली.
इंगा हार्कस फोमच्या उशीवर वही ठेवते,
तान्ह्याची मान सांभाळावी तशी,
आणि बजावते, पेन नको. पेन्सिल.

सतराशे ब्याण्णव. हडसन बेच्या काठचं एक ठाणं.
कारकुनाचं अक्षर बरं आहे,
शाई गोठली तिथे शब्द अर्ध्यात सुटलेत.
मला इंग्रजी वळण लावायला वेळ लागतो, हिशेब लावायला नाही.
माझे वडील अकोटच्या जिनिंगमध्ये कीर्द लिहायचे,
कापसाचे तंतू भुवयांवर घेऊन घरी यायचे.
म्हणायचे, चोपडी खोटं बोलत नाही गं,
ती फक्त विचारलं तेवढंच सांगते.

इथे नाणं नाही. कातडं हेच नाणं.
घोंगडी एक, बीव्हर सात.
बंदूक एक, बीव्हर चौदा.
सुया बारा, बीव्हर एक.
बीव्हरला मराठीत शब्द नाही.
टिपणात मी आधी पाणमांजर लिहिलं, मग खोडलं.
पाणमांजर धरण बांधत नाही,
आणि लंडनच्या साहेबांनी त्याची टोपी करून
डोक्यावर मिरवली नाही.

पानाच्या कडेला, नोव्हेंबरात :
कॉरिगलची बाई, बर्फातले जोडे, नऊ.
कॉरिगलची बाई, मासळीची जाळी, दोन.
कॉरिगलची बाई, ससे एक्केचाळीस,
माणसं उपाशी असताना.
पुढे रकाना कोरा. तिच्या जमेला काही नाही.
निकोल कॉरिगल, वय बावीस, याच गावचा :
त्याच्या नावे रम, तंबाखू, पितळी बटणांचा डगला.
नऊ वर्षांनी परतीच्या जहाजाच्या यादीत
तो आहे, त्याची पेटी आहे, एक कुत्राही आहे.
मी यादी तीनदा वाचली.
मराठीत नावे म्हणजे उधारी,
आणि नावे म्हणजे नावंसुद्धा.
हे इंगाला कसं समजावणार?

बुधवारी लोर्ना कॉरिगल आली,
जेम्स बेच्या दक्षिण टोकाहून, चार विमानं बदलून.
तीच वही मागितली. इंगा माझ्याकडे बघून म्हणाली,
वाटून घ्याल का?
लोर्नाने वाचली नाही. पानाच्या वर, बोटभर अंतरावर,
तळहात धरून बसली, चुलीची धग बघावी तशी.
मग बोटांवर पिढ्या मोजल्या. सात.
तिला नाव होतं, म्हणाली. आमच्यात अजून आहे.
आणि उच्चारलं.

मी पेन्सिल उचलली होती. रोमनमध्ये बसेना.
देवनागरीत बसलं : एक लांब आ,
मग ऱ्हस्व इ, ओठ मिटता मिटता येणारा व.
वाचून दाखवलं. लोर्ना हसली, पुन्हा म्हण म्हणाली.
पुन्हा म्हटलं. मग ती गप्प झाली.
छापू नकोस, म्हणाली. अजून नाही.
मावश्यांना विचारायचंय.
त्या हो म्हणतीलच असं नाही.

माझ्या निबंधाला ते नाव हवं होतं.
खोटं कशाला बोलू, फार हवं होतं.
प्राध्यापकांना कळवलं,
चौथ्या प्रकरणात एक जागा मोकळी राहील.
ती जागा या कवितेतही मोकळीच आहे.

पाचला इंगाने वही नेली.
बाहेर वारा असा की फरशीवरचे सीगलसुद्धा पायी चाललेले.
धक्क्यावर लोर्नाने विचारलं,
जहाजं इथूनच सुटायची?
मी पश्चिमेकडे बोट दाखवलं.
तिने तिकडे क्षणभर बघितलं,
टोपी कानांवर ओढली
आणि म्हणाली, भूक लागलीये.
या गावात मासे कुठे चांगले मिळतात?