अकरावी सुई

म्हार्दोळच्या आमच्या घरात सुई होती ती
पोलक्यांसाठी, पायातला काटा काढण्यासाठी.
फुलाला तिने कधी शिवलं नाही.
जाईची फाती केळीच्या सोपाच्या धाग्याने बांधायची,
देठाला विळखा, वर गाठ, पुन्हा देठ.
भोक पडलेलं फूल देवीला चालत नाही,
सासू म्हणायची. गिऱ्हाइकालाही.

चौतीस वर्षं गाठी मारल्या.
मग एका श्रावणात उजवा अंगठा रुसला.
गाठ आवळताना कोणीतरी
मनगटापासून कोपरापर्यंत गरम तार ओढायचं.
मलम झालं, पट्टा झाला.
मी दातांनी आवळू लागले, चोरून.
उष्टं होतं ते, ठाऊक होतं मला.
देवीच्या फात्या तेवढ्या हातानेच,
डोळ्यांतून पाणी काढत.

नणंदेच्या मुलाने स्कूटरवर बसवून फोंड्याला नेलं,
वरच्या बाजारात, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या
दुकानावरच्या खोलीत.
डॉक्टर अर्सेनियो कुलासो. मोठे कान, अनवाणी पाय.
आधी विचारलं, "जेवून आलात ना?
रिकाम्या पोटी मी कोणाला टोचत नाही."
मग म्हणाला, जीभ दाखवा.
अंगठा दुखतोय आणि हा जीभ बघतोय!
मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून
गप्प उभा राहिला,
शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसा.

नवीन पाकीट माझ्यासमोर फोडलं.
सुई केसाएवढी.
"एकदा वापरली की त्या पिवळ्या डब्यात."
मी मान फिरवली. टिचकी वाजली.
मुंगी चावली म्हणावं तर मुंगीचा अपमान.
मग त्याने सुई जराशी फिरवली
आणि आत काहीतरी जड झालं,
भिजल्या गोणपाटासारखं, पसरत, दंडापर्यंत.
"दुखता?"
"दुखना. भरता."
"तेंच जाय," तो म्हणाला,
आणि मला क्षणभर फुलाचंच नाव ऐकू आलं.

एक सुई गुडघ्याखाली, एक घोट्याकडे.
हाताचं दुखणं पायात कुठे गेलं?
तो म्हणाला, जुने चिनी सांगतात, अंगभर वाटा आहेत,
एखादी तुंबते.
आताचे सांगतात नसा, मेंदू,
मेंदूने स्वतःच पाझरलेलं औषध.
काही म्हणतात, निवांत निजवलं, कोणी विचारपूस केली,
निम्मा गुण त्याचाच.
"आणि तुम्हांला काय वाटतं?"
"मला वाटतं, सहा वेळा या. मग बोलू."

वीस मिनिटं हलायचं नाही.
पडद्यापलीकडे खाणीवरचा एक ट्रकवाला
कानांत सुया घेऊन घोरत होता.
खाली घड्याळांनी चार वाजवले,
प्रत्येकाने आपापले, एकामागून एक.
लग्नानंतर भर दुपारी मी अशी
रिकाम्या हातांनी कधी पडले होते?
आठवता आठवता डोळा लागला.

काढताना तो पुटपुटत मोजत होता. दहा.
"अकरा," मी म्हणाले.
कळ्या मोजणारी बाई मी,
अर्धवट झोपेतही चुकत नाही.
त्याने चादर सारली. घोट्यामागे एक उभी होती,
बस चुकलेल्या माणसासारखी.
मोठे कान लाल झाले त्याचे.

उठताना भोवंडलं. त्याने पाणी दिलं, बसवून ठेवलं.
मनगटावर मोहरीएवढा निळा ठिपका.
रात्री ठणका उलट वाढला.
वाढेल, असं तो म्हणालाच होता,
म्हणून राग आला नाही; झोप आली.

परवा चौथी खेप झाली.
बरी झाले, असं म्हणत नाही.
अंगठा सकाळी ऐकतो, दिवेलागणीला कुरकुरतो.
वीस फात्या व्हायच्या, आठ होतात.
चव्वेचाळीस ठिकाणी भोकं पडलेली बाई
देवीला चालते का, विचारलेलं नाही.
विचारणारही नाही.

पण काल आठवी फाती,
एका अनोळखी गिऱ्हाइकाची, पन्नास रुपयांची,
बांधून झाल्यावर लक्षात आलं,
शेवटच्या गाठीला
दात लावायचे राहूनच गेले.