पोटखराबा

सातबाऱ्यावर एकोणीस गुंठे
असेच लिहून ठेवलेत : पोटखराबा.
पांझरेच्या वरच्या अंगाला, मुरूम, कुसळी गवत,
आणि वडिलांनीही कधी हात न लावलेली
निवडुंगाची रांग.

धुळ्याच्या कॉलेजातल्या बागुल मॅडमनी दिले
अकरा कंद, वर्तमानपत्रात गुंडाळून,
सुपारीएवढे.
खर्चुडी, म्हणाल्या. या बाजूला शेवटची कुणी पाहिली
त्याची नोंद नाही.

म्हाळू ठेलारी काठीवर हनुवटी टेकून बघत होता.
मेंढ्या पुढे गेल्या तरी हलला नाही.
'धाकला व्हतु तधळ आम्हीच खाई टाकी ना भो.
काकडीनी मायक लागे.'
मग जागाही त्यानंच दाखवल्या :
निवडुंगाच्या पोटात, जिथं
बकरीचं तोंड पोचत नाही.
दोघांनी कोपरापर्यंत ओरबाडून घेतलं.

पहिल्या वर्षी सायाळीनं सहा उकरले.
दुसऱ्या वर्षी नुसती पानं.
शेजारचा उखर्डू बांधावरून म्हणाला,
'कांदा लाय ना. हाई कसाले?'
मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही सुचलेलं नाही.

मोबाइलवर पीकपाहणी भरताना
यादी पार खालपर्यंत सरकवली.
कापूस, मका, बाजरी... इतर.
'इतर'वर बोट ठेवलं
आणि काढून घेतलं.

यंदा पोळा होऊन आठ दिवस झाले असतील,
काट्यांच्या आत एक कंदील.
बोटाच्या दोन पेरांएवढा, हिरवट,
वर पाच जांभळ्या पट्ट्या, टोकाशी एकमेकींना धरून.
एक बारीक माशी आत गेली.
आतले केस खाली वळलेले :
जाता येतं, येता येत नाही.

रात्रभर जागलो वगैरे नाही.
जेवलो, झोपलो, पहाटे बॅटरी घेऊन परत आलो.
केस सुकले होते. फूल कलंडलं होतं.
माशी बाहेर आली, तोंडाला पिवळा कण,
काट्यावर बसून पाय पुसत राहिली,
मग खाली नदीकडे गेली.

आता तिला दुसरं फूल पाहिजे.
ते या एकोणीस गुंठ्यांत नाही.

म्हाळूला सांगितलं.
तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला.
मग म्हणाला, त्याच्या मावशीच्या गावाकडं
एक कपार आहे,
तिथं त्यांचा हात कधी पोचला नव्हता.
कुठल्या बाजूला, मी विचारलं.
त्यानं काठी उचलली
आणि माशी गेली त्याच्या
बरोबर उलट्या दिशेला धरली.